मासेवाले दिघे आणि अकरा खापरं

मोरेश्वर दिघे हा माणूस भित्रा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. न्यू जर्सीतल्या पार्कवे या हमरस्त्यावर सगळं जग ताशी सत्तर मैलांनी पळत असताना हे उजवी लेन धरून पंचावन्ननं जाणार. वकिलाकडून पाकीट आलं की दोन दिवस ते देवापुढे न उघडता पडून असणार. आणि दारावर कुणी अनोळखी माणसानं टकटक केली तर बायकोला म्हणणार, "नीलांबरी, बघ गं कोण आहे." नीलांबरी नागपूरची. ती दार उघडते, आलेल्या माणसाशी चार शब्द बोलते आणि आत येऊन म्हणते, "गटारवाला होता. खाऊन नाही टाकलं त्यानं."

पण भित्रा असला तरी माणूस कामाचा. जन्म रेवदंड्याचा, घर सीकेपी, त्यामुळे अक्षरओळखीच्या आधी मासेओळख. ढोमा नावाच्या माशाच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, ते पोरगा जेवताना ताटाच्या कडेला ठेवायचा आणि धुऊन काड्यापेटीत जमवायचा. पुढे मासळीशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि अठरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या म्युझियमच्या मत्स्यविभागात नोकरी लागली. तिथं गेल्यावर कळलं की त्या खड्यांना इथं कानातले खडे म्हणतात आणि ते जमवायचा लोक पगार देतात!

दिघ्यांचं काम माशांचे सांगाडे करण्याचं. मांस काढायचं, हाडं फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये सुकवायची, मग नळाखाली धरून टूथब्रशनं घासायची, पांढरीशुभ्र होईपर्यंत. घासताना पाणी वाहून जाऊ द्यायचं नाही, खाली बारीक चाळणी ठेवायची. चाळणीवर जे राहील, मग तो खडा असो की केसाएवढं हाड, ते सुकवून काचेच्या कुपीत भरायचं आणि कुपीवर नंबर लिहायचा. एक मासा, एक कुपी. त्यांच्या पहिल्या म्हाताऱ्या बॉसनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की लेबल लागलं की ती वस्तू तुझी राहिली नाही, ती फेकायचा तुझा हक्क संपला. अठरा वर्षं दिघ्यांनी ते पाळलं. घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख घालायचे, आणि त्यापायी बायकोच्या शिव्या खायचे.

गेल्या हिवाळ्यात म्युझियमनं मत्स्यविभाग बंद केला. बरण्या, सांगाडे, कुप्या, सगळं क्रेटमध्ये भरून दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या म्युझियमला गेलं. माशांना जागा मिळाली, दिघ्यांना नाही. आता इथं राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. दिघे अजून वर्क व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग मारुतीच्या शेपटीसारखी, वाढतच चाललेली. नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळा आणि चला. मुलगी रीमा अकरावीत. आईबरोबर मागाहून, तीन वर्षांची असताना आलेली. तिला रेवदंडा म्हणजे आजीचा व्हिडिओ कॉल.

अशा वेळी धावून आली इला. पुरातत्त्व विभागाची प्रमुख, वय चौतीस, जन्म इथल्याच आयसेलिन गावचा, आईबाप साताऱ्याचे. हुद्द्यानं दिघ्यांची बॉस, पण शाळेत असल्यापासून मराठी मंडळात पाहिलेलं, म्हणून हाक मारायची काका. ती म्हणाली, "काका, माझ्याकडे या. सिक्स मंथ्स ट्रायल करू. ऑगस्टएंडला मी लेटर साइन केलं की यू आर पर्मनंट." वकिलानं कागद बदलून दिले आणि दिघे वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुन्हा बालवाडीत बसले. मासा डोळे मिटून ओळखणारा माणूस, इथं वीट कुठली आणि खापर कुठलं हे विचारत फिरायला लागला. रोज गाडीतून उतरायच्या आधी पाच मिनिटं आतच बसून राहायचे. कोण काय विचारील, आपलं काय चुकेल!

मासे सोडून मातीत शिरलेले या म्युझियममधले ते पहिले नव्हेत, एवढाच काय तो दिलासा. दीडशे वर्षांपूर्वी इथं गिडियन हॅस्कल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ होता. अर्धं आयुष्य त्यानं मासे मोजण्यात घालवलं आणि एकाएकी ते सोडून पुरातत्त्वाकडे वळला. दरवाज्याशी त्याची पाटी आहे. एके सकाळी शिंपल्यांच्या जुन्या ढिगाऱ्यात माशांची हाडं शोधताना त्याला एक भांडं सापडलं आणि त्या क्षणी त्याला आपला खरा मार्ग दिसला, वगैरे. पाट्यांवर सगळ्यांनाच त्या क्षणी दिसतं! त्याची वही मात्र वेगळं सांगते. अक्षर असं की डॉक्टरानं लाजावं. कुणाला लागत नव्हतं, ते दिघ्यांना लागलं, कारण माशांच्या बरण्यांवर अठरा वर्षं तेच अक्षर वाचलेलं. क्रेट भरले जात होते तेव्हा दिघे कोपऱ्यात बसून ती वही टाइप करत होते.

त्या वहीतल्या एका पानावर होतं: "गेल्या उन्हाळ्यात मी या ढिगाऱ्यातून माशांची हाडं तेवढी उचलली आणि बाकी सगळं कचरा म्हणून ओढ्यापलीकडे टाकून दिलं. त्या कचऱ्यात माणसांची भांडी होती. मला माशांखेरीज काही दिसलंच नाही. हे लिहिताना हात थरथरतो आहे. कुठे टाकलं त्याचा नकाशा खाली काढतो. माझ्याहून शहाणा कुणी आला तर उचलील."

इलानं ते टाइप केलेलं पान वाचलं आणि खुर्चीतून उडीच मारली. नकाशा धरून उन्हाळ्यात तिथं खोदलं, आणि हॅस्कलचा कचरा सापडला की हो! शेकडो खापरं. त्यातली अकरा खास. ती तिनं स्वतः निवडली, फॉइलमध्ये गुंडाळली, नंबर घातले, ट्रेमध्ये ठेवली आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी दहा दिवसांसाठी दुसऱ्या एका खोदकामावर निघून गेली. जाताना म्हणाली, "काका, बाकीचा लॉट धुऊन ठेवा हं."

आता इथं लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा इथंच आहे. पुरातत्त्ववाल्यांच्या जगात फॉइलमध्ये गुंडाळलेलं म्हणजे बोटसुद्धा लावू नका. हे त्यांना इतकं अंगवळणी की कुणी कुणाला सांगत नाही, लिहीत नाही. आणि दिघ्यांच्या जगात फॉइलमध्ये आलं म्हणजे ओव्हनमधून आलं, आता घासायला घ्या.

मंगळवारी दिघ्यांनी बाह्या सरसावल्या. साधा लॉट धुतला, मग फॉइलची अकरा घेतली. प्रत्येकावर आतून काळा, करपलेला थर. दिघ्यांना बरं वाटलं, कित्येक महिन्यांनी कळण्यासारखं काम हाताला आलं होतं. करपलेलं भांडं म्हणजे काय, घासायलाच असतं. टूथब्रश घेतला, एकेक खापर नळाखाली धरलं आणि लख्ख केलं. खाली अर्थातच चाळणी. दर खापराला वेगळी चाळणी, चाळणीवरचा काळा चुरा सुकवून वेगळ्या कुपीत, कुपीवर नंबर. हे त्यांनी ठरवून केलं नाही. हात करत गेले. अकरा तांबूस खापरं ओळीत वाळत ठेवली, त्यांचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, तुझ्या कढईपेक्षा स्वच्छ."

गुरुवारी दुपारी इलाचा फोन आला.

"काका, ते फॉइलवाले पीसेस सेफ आहेत ना? त्यांच्याजवळ कुणाला ब्रीदसुद्धा करू देऊ नका. ती जी बर्न्ट लेयर आहे ना, दॅट्स द होल प्रोजेक्ट. ते लोक काय शिजवत होते, कधी शिजवत होते, सगळं त्यातून कळणार. अशा टेस्टसाठी मी हा नकाशा मिळायच्या आधीपासून मागे लागलेय, इथल्या मूळ लोकांच्या मंडळानं दोन वर्षांनी परमिशन दिलीय, यार. ती माणसं येतायत पुढच्या फ्रायडेला, बघायला."

"हो," दिघे म्हणाले.

"आर यू ओके? आवाज असा का येतोय?"

"नेटवर्क," दिघे म्हणाले आणि फोन ठेवला.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते दिघ्यांना त्या दिवशी कळलं. तोंडचं पाणी पळालं. स्टूलवर बसले तर स्टूल हलायला लागलं. समोर अकरा खापरं वाळत पडलेली, नवी कोरी, जणू काल कुंभारानं केली. ज्या भांड्यात कुण्या आईनं शेकडो वर्षांपूर्वी कालवण करपवलं, आणि जे हॅस्कलच्या हातूनही वाचलं, ते दिघ्यांनी दोन तासांत टूथब्रशनं साफ केलं! सहा महिन्यांची ट्रायल, ऑगस्टएंडचं लेटर, साठ दिवस, रीमाची शाळा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम उभं राहिलं.

आणि मग घाबरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. लपवालपवी. खापरं पुन्हा फॉइलमध्ये गुंडाळून ट्रेमध्ये होती तशी ठेवली. उरल्या कुप्या. आत काळा चुरा, वर त्यांच्याच अक्षरात नंबर. चोरानं चोरी करून खाली सही करावी, असला तो प्रकार. अकराच्या अकरा कुप्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. पार्कवेवर त्या दिवशी पंचेचाळीसनं. मागून पोलिसाची गाडी आली तेव्हा दिघ्यांनी आपण होऊन गाडी कडेला घेतली. पोलीस पुढे निघून गेला, त्याला काय ठाऊक!

ओक ट्री रोडवर देशी वाण्याकडे कोथिंबीर घ्यायची होती. दुकानामागे हिरवी मोठी कचरापेटी होती. आजूबाजूला कुणी नाही. दिघ्यांनी पिशवीत हात घातला, हाताला आली ती सातवी कुपी. तीच सगळ्यांत जास्त भरलेली. डोळे मिटून पेटीत टाकली. खाली कुठेतरी काच खळकन वाजली.

तो आवाज ऐकला आणि दुसरी कुपी हातातून सुटेना. लेबल होतं तिच्यावर. स्वतःच्या हातानं लावलेलं. "टाक रे बाबा," ते स्वतःला म्हणाले, पण हात ऐकेना. अठरा वर्षांची सवय एका गुरुवारी कशी जाणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी कोथिंबीर न घेताच घरी गेले आणि दहा कुप्या गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्यात, थर्मोकोलच्या मागे ठेवल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पुढचा आठवडाभर तो राक्षस दिघ्यांच्या घरातच मुक्कामाला होता. फोन वाजला की दचकायचे. ईमेल आलं की आधी एक डोळा उघडून बघायचे. नीलांबरीनं तळलेली सुरमई ताटात तशीच राहिली, तेव्हा मात्र तिनं पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, स्वेटशर्ट होता, पण आविर्भाव तोच.

"काय झालं ते सांगा. मासा टाकून उठणारे तुम्ही नव्हे."

दिघ्यांनी सांगितलं. मखराच्या खोक्यापर्यंत सगळं. नीलांबरी खुर्चीत बसली. कधी न घाबरणारी बाई, पण तिचाही चेहरा उतरला. तिनं जिन्याकडे पाहिलं, वर रीमा अभ्यास करत होती.

"कुणी पाहिलं का तुम्हाला धुताना?"

"नाही."

"मग आपोआप गळून पडला म्हणा. हजार वर्षं जुनं आहे, गळतं. कोण कोर्टात जाणार आहे? त्या कुप्या मात्र आजच टाका."

"टाकवत नाहीत गं."

"काय म्हणावं तुम्हाला!" ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता, भीतीच होती. "पोरगी वर बसली आहे, मोरेश्वर." लग्नाला बावीस वर्षं झाली, नावानं हाक तिनं तीनदा मारली असेल. ही तिसरी.

दिघे कबूल झाले. गळून पडला म्हणायचं ठरलं. दोन दिवस आरशापुढे सरावही केला. "इला, अगं, तो थर गळून पडला." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की त्यांना स्वतःला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं.

गुरुवारी, इला यायच्या आदल्या दिवशी, मूळ लोकांच्या मंडळाला दाखवायला हॅस्कलचं ते पान छापायचं होतं. दिघ्यांनी ते काढलं, चुका तपासायला वाचायला घेतलं. टाइप करताना शंभरदा वाचलेलं. पण तेव्हा ते हॅस्कलचं होतं. आज वाचताना "हात थरथरतो आहे" पाशी आले आणि पुढे सरकेचनात. त्यांनी मूळ वही काढली. त्या ओळीत अक्षर खरंच वेडंवाकडं झालं होतं. हा एवढा मोठा माणूस, दरवाज्याशी ज्याची पाटी, तोही आपल्यासारखाच टरकला होता! ज्यातलं कळतं ते सोडून ज्यातलं कळत नाही त्यात शिरलेला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माती खाल्लेली. त्यालाही म्हणता आलं असतं की भांडी नव्हतीच. कोण पाहत होतं? पण त्यानं लिहिलं. लिहिलं म्हणून नकाशा राहिला, नकाशा राहिला म्हणून खापरं मिळाली. आणि आपण काय करतोय, तर आरशापुढे उभे राहून खोटं पाठ करतोय.

दिघ्यांना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले, पान छापलं आणि घरी गेले. भीती कमी झाली म्हणाल तर मुळीच नाही. उलट वाढली, कारण आता सांगायचं हे नक्की झालं होतं.

शुक्रवारी सकाळी इला उन्हानं रापून आली. मंडळाची माणसं अकराला येणार होती. साडेनऊला दिघे तिच्या खोलीत गेले, हातात बुटांचं खोकं. नीलांबरीला निघताना सांगितलं होतं. तिनं डब्यात सुरमई दिली.

"इला, तुझ्या फॉइलमधली अकरा खापरं मी धुतली."

इलाला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"घासली. ब्रशनं. काळा थर गेला. आमच्याकडे फॉइलमधलं घासायचं असतं, म्हणून. तू फोन केलास तेव्हा मी खोटं बोललो. नेटवर्क नव्हतं काही. मी घाबरलो होतो. अजूनही घाबरलोय."

इला ट्रेकडे धावली. एक फॉइल उघडलं, दुसरं उघडलं. तिसरं उघडलंच नाही, टेबलाला टेकून उभी राहिली. "ओह माय गॉड," ती अगदी हळू म्हणाली. "काका... टू इयर्स. त्या लोकांना मी काय सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दिघ्यांना वाटलं की तिनं ओरडावं, मारावं, पण असं रडू नये.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी खोकं पुढे ठेवलं. "हे बघ. हा पुरावा. लेटर साइन करू नकोस. पण हे मी लपवलं होतं, ते तरी तुझ्या ताब्यात देतो."

"काय आहे हे?"

"चाळणीवर राहिलेलं."

इलानं एक कुपी उचलली. उजेडात धरली. "चाळणीवर? काका, वेट. यू सिव्ड इट? प्रत्येकाचं वेगळं?"

"एक खापर, एक कुपी. नंबर घातलेत. तशीच पद्धत आहे आमच्यात."

"मासे ठेवता तसं स्पिरिट घातलंत का यात? ट्रुथ सांगा."

"हाडांना स्पिरिट लावत नाहीत गं. सुकवलं फक्त."

इला खाली बसली. चक्क जमिनीवर. कुपी दोन्ही हातांत धरून. "लॅबला हेच पाठवायचं असतं, काका," ती म्हणाली. "ते लोक खरवडूनच घेतात. स्काल्पेलनं. तुम्ही टूथब्रशनं घेतलंत. इट्स नॉट ग्रेट. नळाचं पाणी लागलंय, रिपोर्टमध्ये सगळं लिहावं लागेल. बट इट्स हिअर." तिनं मोजायला घेतल्या. पाच, सहा, आठ. थांबली. पुन्हा मोजल्या.

"सेव्हन कुठाय? सेव्हन वॉज द बेस्ट वन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. दिघ्यांनी तर कळसा काखेत घेऊन कचरापेटी गाठली होती. आठ दिवस ज्या चुऱ्याला ते गुन्ह्याचा पुरावा समजत होते, तेवढाच काय तो वाचलेला होता. आणि जे भीतीनं फेकलं होतं, तेवढंच गेलं होतं.

"फेकली," दिघे म्हणाले. "चुकून नाही. धुतलं ते चुकून. ही मी भिऊन फेकली."

इलानं दहाही कुप्या खोक्यात परत ठेवल्या. मग उठली, ड्रॉवरमधून एक कोरं लेबल काढलं आणि पेनासकट त्यांच्यापुढे सरकवलं. "अकराला लोक येतील. त्यांना मी सगळं सांगणार, नावासकट. लेटरचं मग बघू, आय डोन्ट नो. पण आधी सेव्हनचं लेबल तुम्ही लिहा."

दिघ्यांनी पेन घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी लिहिलं: खापर क्रमांक सात. काळा थर मी घासून काढला, चुकीनं. चुरा कुपीत भरला. कुपी मी फेकली, भीतीनं. मोरेश्वर दिघे. सही केली, तारीख घातली. पेन ठेवणार, तेवढ्यात थांबले, लेबल उलटलं आणि मागे नकाशा काढायला घेतला: ओक ट्री रोड, वाण्याचं दुकान, मागची गल्ली, हिरवी कचरापेटी.